साकावील तुमच्या घरी

माझी भाची नेरेइदा माँतेरेईहून परत आली तेव्हा तिनं आईला एक वर्ष दिलं होतं. एक म्हणजे एकच, वर एक दिवस नाही. माँतेरेईच्या एका मोठ्या हॉटेलात ती पाहुण्यांच्या नोंदी बघायची. तिथल्या साहेबीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, एप्रिल संपेपर्यंत तुझी जागा धरून ठेवते, पुढे माझ्या हातात नाही. इकडे माझ्या बहिणीनं, ओब्दूलियानं, नवरा गेल्यावर घरामागे तीन खोल्या बांधल्या होत्या आणि पुढच्या पडवीत चार टेबलं मांडली होती. धबधबा बघायला, जमिनीतल्या खोल विवरातली पाखरं बघायला माणसं येतात, ती आपल्याकडे उतरतील, एवढाच तिचा हिशोब.

माणसं येत. धबधब्यात डुंबत, पाखरं बघत, आणि दीड तासावरच्या वायेस शहरात जाऊन झोपत. त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत आमच्या तानचिपाल गावात मोटार उभी करायला जागा नव्हती, आणि ओब्दूलियाच्या तीन खोल्यांत मिळून दोन माणसं होती. त्यातलाही एक माझ्या बायकोचा भाऊ.

मी क्रेसेन्स्यो. माझी एक पिकअप आहे. पाहुणे असले तर पाहुणे नेतो, नसले तर संत्री. संत्री रस्त्याबद्दल कुरकुर करत नाहीत, त्यामुळे माझं काही अडत नाही. पण बहिणीचं अडायचं. ती रोज सकाळी तिन्ही खोल्यांतल्या चादरी झटकायची, कुणी झोपलेलं असो वा नसो, आणि नेरेइदा रोज फोन उघडून माँतेरेईच्या बसचं वेळापत्रक बघायची. दोघी एकमेकींना काही बोलत नसत. मलाच बोलायच्या, आणि मी काय करणार? मी डोकं हलवायचो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कळलं की स्पेनच्या एक बाई आमच्या भागावर पुस्तक लिहितायत. वास्तेकात कुठे खावं, कुठे राहावं, काय बघावं, असलं पुस्तक. वायेसमध्ये महिन्याभरासाठी घर भाड्यानं घेतलंय आणि गावोगाव हिंडून जेवतायत. पुढच्या सोमवारी त्यांचा महिना संपणार होता. नेरेइदानं कुणाकुणाला विचारून त्यांचा नंबर आणि पत्ता काढला. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी मला जरा धुगधुगी दिसली, म्हणून मीही उत्साहानं गाडी धुतली.

आमच्याकडे फोनला रेंज फक्त चर्चमागच्या टेकाडावर येते. गुरुवारी आम्ही तिघं वर गेलो. नेरेइदा बोलणार होती, पण ओब्दूलियानं फोन काढून घेतला.

"आमंत्रण घरच्या बाईनं करायचं असतं," ती म्हणाली. "तू काय, हॉटेलासारखं बोलशील."

आणि मग तिनं अंगावरची शाल नीट केली, जणू त्या बाईंना फोनमधून दिसणार होती. "नमस्कार बाई. मी ओब्दूलिया, तानचिपालची. रविवारी तुमच्यासाठी साकावील लावतेय. अख्खं. अकरा वाजता भट्टी फोडू. हो, हो, तुमच्या घरीच. अहो, त्रास कसला! तुमचंच घर आहे. कुणाला बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, साकावील पन्नास जणांना पुरतं."

फोन बंद करून ती म्हणाली, "केवढी गोड बाई. चारचारदा विचारत होती, तुम्हाला त्रास नाही ना होणार."

आम्ही तिघं तिथंच उभे होतो. तिघांचेही कान शाबूत. पण एकालाही त्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. साकावील म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. मका जाडसर दळायचा, लाल मिरची वाटून चरबीत मळायचा, त्यात डुकराचं मांस आणि एक अख्खी टर्की दडवायची आणि सगळं केळीच्या पानांत गुंडाळून लहान मुलाच्या पाळण्याएवढं बोचकं बांधायचं. संध्याकाळी शेजारचे दोघे, मी आणि नेरेइदा अशा चौघांनी ते उचलून भट्टीत सरकवलं. ओब्दूलियानं तोंड मातीनं लिंपलं आणि बोटानं वर क्रूस काढला. नेरेइदानं तीन खोल्यांत जास्वंदीची फुलं ठेवली. मधल्या खोलीचा नळ गळत होता, तो मी दुरुस्त केला. म्हणजे आता तो कमी गळतो.

रविवारी अकरा वाजले. साडेअकरा वाजले. ओब्दूलिया लग्नसमारंभातला निळा झगा घालून पडवीत बसली होती. बारा वाजता ती म्हणाली, "शहरातली माणसं, उशिराच निघतात." साडेबारा वाजता म्हणाली, "घाटात लॉरी अडकली असेल." एक वाजता उठून भट्टीभोवती एक फेरी मारून आली. भट्टी तशीच बंद. पाहुणा आल्याशिवाय आमच्याकडे भट्टी फोडत नाहीत, मग घरच्यांच्या पोटात कावळे ओरडेनात का. माझे तर ओरडून दमले होते.

नेरेइदा टेकाडावर गेली. दहा मिनिटांत परत आली ती धावत, आणि पडवीच्या पायरीवर बसकण मारली. मला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन बघतो तर हसत होती, पण ते हसणं काही धड नव्हतं.

"वाचते," ती म्हणाली आणि फोन समोर धरला. "सव्वाअकरा. 'ओब्दूलियाबाई, टेबल मांडलंय, तुम्ही निघालात का?' बारा. 'शेजारणी येऊन बसल्यात, सगळ्यांना फार उत्सुकता आहे.' पाऊण. 'तुम्हाला काही अडचण आलेली दिसते. मी रागावले नाही. शेजारणींना शेवया करून घातल्या. उद्या मी निघते. भेट व्हायला हवी होती.'"

"कुठे बसलीय ती?" ओब्दूलियानं विचारलं.

"तिच्या घरी, आई! वायेसमध्ये! तू तिला चारचारदा सांगितलंस, तुमच्या घरी, तुमच्या घरी. ती तिच्या घरी बसलीय."

"मग काय 'माझ्या घरी या' म्हणू?" ओब्दूलिया खरोखरच चिडली. "पहिल्यांदा बोलतेय बाईशी, आणि माझं घर माझं घर करू? मला कुणी वळण लावलं नाही का?"

आता यात तिची काय चूक? आमच्याकडे दारात आलेल्याला सांगतात, हे तुमचं घर. पत्ता विचारला तरी सांगतात, तुमचं घर नदीच्या पलीकडे, तिसऱ्या गल्लीत. माझ्या लग्नाआधी सासऱ्यांनी मला सांगितलं होतं, रविवारी तुझ्या घरी जेवायला ये, आणि मी मुकाट्यानं त्यांच्या घरी गेलो होतो. जो माणूस स्वतःच्या घराला स्वतःचं म्हणतो त्याला आम्ही चिक्कू समजतो. पण हे स्पेनच्या बाईंना कोण सांगणार? त्यांची भाषा तीच, शब्द तेच, आणि तिथंच आमचा घात झाला.

"म्हणूनच," नेरेइदा उठून उभी राहिली. आता ती हसत नव्हती. "म्हणूनच मी म्हणते, इथं काही व्हायचं नाही. दाराला पाटी नको, कारण गावाला माहीत आहे. भाव लिहायचे नाहीत, कारण पाहुण्याला भाव सांगायचा नसतो. मी वर्षभर डोकं आपटतेय. उद्या सोमवार आहे, आई, एप्रिल संपतोय. उद्या मला माँतेरेईला हो किंवा नाही कळवायचंय. मी हो कळवणार आहे."

ओब्दूलियाचा चेहरा खर्रकन उतरला. मी तिचा धाकटा भाऊ आहे, लहानपणापासून तो चेहरा बघतोय, आणि इतका उतरलेला मी फक्त एकदा पाहिला होता, नवऱ्याला पुरून आली त्या दिवशी. मला वाटलं, आता ही बाई खोलीत जाऊन दार लावून घेईल. पण तिनं झग्याच्या बाह्या वर सारल्या.

"शब्द दिलाय," ती म्हणाली. "तिच्या घरी सांगितलंय ना? मग तिच्या घरी. क्रेसेन्स्यो, गाडी मागे घे."

"ताई, अगं पन्नास किलोचं धूड आहे ते. गरम आहे."

"मग घोंगड्या आण."

मी वाद घातला नाही. माझ्या बहिणीशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. भट्टी फोडली, तो वास आला, आणि माझे डोळे भरून आले. भुकेनंच, दुसरं काही नाही. शेजारचे दोघे हाताशी आले. साकावील फळीवर घेतलं, घोंगड्यांत गुंडाळलं, पिकअपच्या मागे ठेवलं, आणि ओब्दूलिया निळ्या झग्यासकट मागे त्याच्या शेजारी चढून बसली. नेरेइदा माझ्या बाजूला. ती म्हणत होती, "मामा, हा वेडेपणा आहे," पण दार तिनंच ओढून घेतलं.

तानचिपालपासून वायेसपर्यंत एकोणतीस गतिरोधक आहेत. मी मोजलेत, कारण त्या दिवशी प्रत्येकावर मागून माझा उद्धार होत होता. "अरे सावकाश, शर्यत आहे का ही? फुटलं तर तुला गुंडाळून घालीन भट्टीत!" प्रत्येक गावातून जाताना माणसं वासानं बाहेर येत. एका वळणावर दोन म्हातारे विचारत होते, कुणाचं लग्न? ओब्दूलिया मागून ओरडली, "पाहुणी हरवलीय आमची!" म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. बहुधा त्यांना वाटलं, कुणी गेलं.

नेरेइदा खिडकीतून बाहेर बघत होती. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "मामा, तिनं दारच उघडलं नाही तर?"

"तर आपण दारात बसून खाऊ," मी म्हणालो. मला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं.

पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. निळं दार, चौकापासून दुसरी गल्ली. दार उघडणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांचं नाव इन्माकुलादा, पण सगळे इन्मा म्हणतात, हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. आधी माझ्याकडे, मग पिकअपकडे, मग पिकअपमधून झग्याला चिकटलेलं केळीचं पान घेऊन उतरणाऱ्या ओब्दूलियाकडे.

"माफ करा बाई," ओब्दूलिया म्हणाली. "आम्ही सकाळपासून तुमच्या घरी तुमची वाट बघत होतो."

"पण मी तर सकाळपासून माझ्या घरीच होते," इन्माबाई म्हणाल्या.

आतून घरमालकीण बाहेर आली होती. इथलीच बाई, जाडजूड, हातात ताट. तिनं ओब्दूलियाकडे पाहिलं, इन्माबाईंकडे पाहिलं, आणि तिच्या एकदम लक्षात आलं. भिंतीला टेकून हसायला लागली. हसताहसता ताट खाली ठेवलं, पुन्हा हसली. "अगं इन्मा, 'तुमचं घर' म्हणजे तिचं घर! बये, महिनाभर इथं राहून तुला कुणी सांगितलं नाही?"

इन्माबाईंचा गोंधळ काही सरेना. तेव्हा नेरेइदा पुढे झाली. मला वाटलं, आता ही आईची उणीदुणी काढणार. पण ती म्हणाली, "माझी आई तुम्हाला घर देऊन बसलीय, बाई. बोलवायचं म्हणजे आमच्याकडे तसंच असतं. तुम्हाला परक्या घरी बोलवलंय असं वाटू नये म्हणून ती ते आपलं म्हणतच नाही. खोटं नाही बोलत ती. तुम्ही आला असतात तर तिनं स्वतःची उशीसुद्धा दिली असती तुम्हाला."

इन्माबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ओब्दूलियाकडे नीट पाहिलं. ओब्दूलिया मात्र लेकीकडे बघत होती.

साकावील काही त्या टेबलावर मावेना. मग टेबलच दाराबाहेर आणलं, फळी टेबलावर, आणि ओब्दूलियानं पानं उलगडली. वाफ निघाली तशी गल्लीतली दारं उघडायला लागली. शेवया खाऊन गेलेल्या शेजारणी परत आल्या. वरच्या मजल्यावरचा न्हावी उतरला. माँतेरेईहून सुट्टीला आलेलं सात जणांचं एक कुटुंब रस्ता चुकून त्या गल्लीत शिरलं होतं, तेही थांबलं. इन्माबाईंनी पहिला घास घेतला आणि बघताबघता ताट संपवलं. दुसऱ्यांदा ताट पुढे केलं, तेही संपवलं. तिसऱ्यांदा मात्र म्हणाल्या, "हे लिहायचं कसं?"

आणि लोक विचारायला लागले. हे कुठलं, तिथं जायचं कसं, राहायची सोय आहे का, पोरांना घेऊन गेलं तर चालेल का. उत्तरं ओब्दूलिया देत नव्हती, मी देत नव्हतो. नेरेइदा देत होती. तानचिपालच्या फाट्याला वळा, पुलानंतर डावीकडे. तीन खोल्या आहेत, मागच्या खोलीतून धबधब्याचा आवाज येतो. पाखरं बघायची तर पहाटे निघावं लागतं, माझे मामा नेतात, गाडी जुनी आहे पण माणूस बरा आहे. मधल्या खोलीचा नळ थोडा गळतो, तो मी या आठवड्यात बदलून घेणार आहे.

या आठवड्यात. मी ऐकलं. आणि तिसरं ताट संपवलं.

सगळं उरकल्यावर इन्माबाई म्हणाल्या, "जेवणाबद्दल मी लिहीन. पण ज्या खोलीत झोपले नाही तिच्याबद्दल लिहीत नाही, हा माझा नियम आहे. आणि उद्या दुपारी माझी बस आहे."

"दुपारी ना?" नेरेइदा म्हणाली. "मग बॅग भरा. झोपायला तुमच्या घरी चला." आणि नीट एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "म्हणजे आमच्या."

परतीला ओब्दूलिया पुढे बसली, कारण इन्माबाईंना मागे वाऱ्यावर बसायचं होतं आणि नेरेइदाही त्यांच्याबरोबर मागे चढली. एकोणतीस गतिरोधकांवर मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. मागे दोघी बोलत होत्या, ते ऐकू येत नव्हतं. ओब्दूलिया सारखी मान वळवून काचेतून बघत होती. "काय म्हणते रे पोरगी?" तिनं एकदा विचारलं. "हात किती हलवतेय."

सोमवारी पहाटे मी त्यांना विवरावर नेलं. पाखरं गोलगोल फिरत वर आली, हजारोंनी, जवळजवळ अर्धा तास. इन्माबाई कडेला पालथ्या पडून बघत होत्या. मी तीस वर्षं बघतोय, पण त्यांच्याबरोबर मीही पालथा पडलो. परत आल्यावर त्यांनी तिन्ही खोल्या पाहिल्या, नळ उघडून पाहिला, गादी दाबून पाहिली, आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून कॉफी प्यायल्या. निघताना त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. "मी लिहून देईन," म्हणाल्या. "पण जागा कमी असते आणि कापणारे दुसरे असतात. दोन ओळी आल्या तरी नशीब समजा. नाहीही येणार कदाचित." ओब्दूलियानं त्यांच्या पिशवीत अंडी घातली. बसमध्ये अंडी घेऊन ती बाई काय करणार होती, देव जाणे.

त्यांना फाट्यावर बसमध्ये बसवून मी परत आलो तेव्हा नेरेइदा घरात नव्हती. टेकाडावर गेली होती. खालून ती दिसत होती, फोन कानाला, एका पायावर भार देऊन उभी. ओब्दूलियानं तिकडे पाठ फिरवली होती. पडवीत घमेलं मांडून ती पुढच्या शनिवारच्या साकावीलसाठी मक्याची कणसं सोलत होती. हात जोरात चालत होते, अर्धे दाणे घमेल्याबाहेर. मी शेजारी बसलो आणि एक कणीस उचललं.

"विचारू नकोस तिला," ती म्हणाली. "आली की काही विचारायचं नाही. जाते म्हणाली तर जाऊ दे. मी तिला डबा बांधून देईन."

"बरं," मी म्हणालो.

नेरेइदा खाली यायला फार वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. ती आली, पडवीत उभी राहिली, फोन खिशात टाकला. ओब्दूलियानं मान वर केली नाही. नेरेइदानं घमेल्यात डोकावून पाहिलं, मुठीत दाणे घेतले आणि परत सोडले.

"एवढ्यानं काय होणार, आई?" ती म्हणाली. "काल गल्लीत थांबलेले माँतेरेईवाले सात जण येतायत शनिवारी. आणखी एक पोतं काढ."